कादवेच्या काठचा पाणी-उपसा : हिशेब आणि पाळी

शेतकऱ्यास जमिनीचा हिशेब उत्तम समजतो. बांध हातभर सरकला तर तो मोजणीचा अर्ज देतो, आणि तीन पिढ्यांपूर्वीं जमीन कोणाच्या नांवें होती हें तोंडपाठ सांगतो. पाण्याचा हिशेब मात्र तो क्वचितच ठेवतो. नदींतून किती पाणी घेतलें असें विचारलें असतां ‘रात्रभर मोटार चालली’ एवढेंच उत्तर मिळतें. महसूल खात्यांत कारकुनी करीत असतांना आम्हीं हें उत्तर शेंकडों वेळां ऐकलें, आणि स्वतःच्या चार एकरांपुरतें आम्हीही तेंच देत होतों. त्या उत्तरांत काय उणें आहे हें आम्हांस उशिरां कळलें. तें इतर बागायतदार बंधूंस वेळींच कळावें, इतकाच या लेखाचा हेतु आहे.

आमची नदी

आमचें गांव निफाड तालुक्यांत कादवा नदीच्या काठीं आहे. कादवा ही दिंडोरी तालुक्यांतील डोंगरांत उगम पावते. वरच्या अंगास तिच्यावर करंजवणचें धरण असून कोळवण या तिच्या उपनदीवर वाघाडचें धरण आहे. करंजवणची साठवण सुमारें ५,४०० आणि वाघाडची सुमारें २,३०० दशलक्ष घनफूट आहे. हें पाणी पालखेडच्या बंधाऱ्यावरून कालव्यांस लागतें. म्हणून पालखेडच्या खालीं, पावसाळा सरल्यावर, पात्रांत जें पाणी दिसतें तें बहुतेक दोन्ही तीरांच्या जमिनींतून पाझरून आलेलें असतें. पुढें नांदूरमध्यमेश्वर येथें कादवा गोदावरीस मिळते. धरण वर आहे म्हणून नदी भरलेलीच राहणार, ही समजूत आमच्या काठावर पुष्कळांची होती. परंतु धरणाचें पाणी कालव्याचें आहे, आणि नदीस उरतो तो पाझर. तो किती आहे हें कोणीं मोजलें नव्हतें.

एका रात्रीची गोष्ट

२०१८ सालीं पाऊस लवकर आटोपला. पुढील माघांत द्राक्षांचे मणी फुगत होते आणि उन्हाळ कांदा पोसत होता, म्हणजे दोन्ही पिकांस पाणी एकाच वेळीं हवें होतें. त्या वेळीं आमच्या काठास शेतीची वीज आठच तास येई, व तीही पुष्कळदां रात्रीं. वीज आली कीं गांवच्या शिवारांतील चाळीस मोटारी एकदम सुरू होत. त्यांत एक आमची होती.

एके दिवशीं पहांटे पाहतों तों गांवचा डोह रिकामा. ज्या डोहांत आमच्या लहानपणीं म्हशी पोहत, तेथें चिखलांत मासे तडफडत होते व मुलें ते पाट्यांत भरीत होतीं. दिवस वर येतो न येतो तोंच खालच्या गांवच्या चार-पांच बाया रिकामे हंडे घेऊन आल्या. त्यांच्या गांवची पिण्याच्या पाण्याची विहीर नदीकाठींच आहे. त्यांतील एक वृद्ध बाई आम्हांस ओळखत होती. ती म्हणाली, “भाऊसाहेब, तुमच्या मोटारी रातभर चालल्या. आमच्या इहिरीत सकाळी हंडा बुडंना. आता आम्ही कुणाकडं जायाचं?”

आम्हीं नोकरींत असतांना अशा तक्रारींचे अर्ज घेऊन त्यांवर शेरे लिहीत आलों. त्या सकाळीं शेरा लिहिण्यास कागद नव्हता आणि उत्तरही नव्हतें. गांवकऱ्यांनीं दोन दिवस मोटारी बंद ठेवल्या. त्या दोन दिवसांत आम्हीं व गांवच्या दोघां तरुणांनीं मिळून नदी मोजली.

मोजणी कशी केली

ही मोजणी कोणासही करतां येईल, म्हणून रीत सविस्तर देतों. जेथें पात्र सरळ व तळ सारखा आहे अशी दहा मीटर लांबीची जागा निवडावी. दोन्ही टोकांस दोरी आडवी धरावी. पाण्याची रुंदी मोजावी, आणि काठीनें पांच-सहा ठिकाणीं खोली घेऊन सरासरी काढावी. मग वरच्या दोरीपाशीं लाकडाची ढलपी सोडून ती खालच्या दोरीपर्यंत किती सेकंदांत जाते तें तीन-चार वेळां पहावें. वरचें पाणी तळच्या पाण्याहून वेगानें वाहतें, म्हणून आलेल्या वेगाचे दहांत आठ भागच धरावे.

आमच्या येथें रुंदी ४ मीटर, सरासरी खोली पाव मीटर, आणि ढलपीस दहा मीटर जाण्यास ५० सेकंद लागले. त्यावरून प्रवाह सेकंदास सुमारें १६० लिटर निघाला. एक क्यूसेक म्हणजे सेकंदास सुमारें २८ लिटर. तेव्हां नदी साडेपांच क्यूसेकांच्या थोडी वर वाहत होती. चोवीस तासांचें पाणी सुमारें १३,८०० घनमीटर झालें.

आतां उपशाचा हिशेब. पांच अश्वशक्तीची मोटार नळांतील घर्षण धरून पाणी एकूण २० मीटर चढवीत असेल, आणि तिच्या शक्तीपैकीं निम्मी प्रत्यक्ष कामास लागत असेल, तर ती सेकंदास सुमारें साडेनऊ लिटर पाणी काढते. आठ तासांत हें २७४ घनमीटर होतें. तेवढें पाणी एका एकरावर सारखें पसरलें तर पावणेसात सेंटीमीटरांचा थर येईल. अशा चाळीस मोटारी रात्रभर चालल्या म्हणजे एकूण उपसा सुमारें ११,००० घनमीटर.

येथें वाचकांनीं क्षणभर थांबावें. नदी दिवसास १३,८०० घनमीटर पाणी देते आणि आम्ही ११,००० घेतों, तर डोह आटावा कां? हा प्रश्न सभेंत एका जाणत्या शेतकऱ्यानेंच विचारला, व त्याच्या उत्तरांत सर्व मर्म आहे. नदी आपलें पाणी चोवीस तासांत सारखें देते, आम्ही आमचें आठ तासांत ओढतों. चाळीस मोटारी मिळून सेकंदास ३८० लिटर ओढीत होत्या आणि नदी १६० लिटर देत होती. आठ तासांत नदीनें सुमारें ४,६०० घनमीटर दिले. उरलेले ६,३०० डोहांतून गेले. आमचा डोह दीडशें मीटर लांब, वीस मीटर रुंद आणि सरासरी दोन मीटर खोल, म्हणजे ६,००० घनमीटरांचा. तो त्या रात्रीं आटला यांत नवल कसलें? आणि रिकामा डोह पुन्हा भरेपर्यंत खालच्या गांवास थेंब जात नाहीं, हें ओघानेंच आलें.

नदी व काठची विहीर

सभेंत विहीरवाल्यांनीं सांगितलें, “आमचा नदीशीं संबंध नाहीं, आम्ही आपल्या विहिरीचें पाणी घेतों.” ही समजूत सर्वत्र आहे व ती चुकीची आहे. आपल्या भागांत खालीं काळा कातळ आणि त्यावर मुरूम व कुजलेला खडक आहे. पावसाचें पाणी या वरच्या थरांत मुरतें आणि आश्विनापासून हळूहळू नदीकडे सरकतें. नदीकाठची विहीर याच थरांत खोदलेली असते. तिचा उपसा वाढला कीं नदीकडे येणारें पाणी ती वाटेंतच अडविते, आणि विहिरींतील पातळी नदीच्या पातळीखालीं गेली तर नदीचेंच पाणी उलट ओढते. एका रांजणास दोन भोकें असलीं तर पाणी कोणत्याही भोकांतून काढलें तरी रांजण एकच रिकामा होतो. शंका असल्यास नदीवरील सर्व मोटारी एक दिवस बंद ठेवून काठच्या विहिरी चालवाव्या व डोहांत रोवलेल्या काठीवर पाणी किती उतरतें तें पहावें. आमच्या गांवीं तसें केलें, आणि संध्याकाळपर्यंत वाद मिटला.

खालीं कोण आहे

आमच्या खालीं एक गांवच नाहीं. कादवा जेथें गोदावरीस मिळते तेथें नांदूरमध्यमेश्वरचा बंधारा आहे. त्याचें काम इंग्रजी अमदानींत, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सुरू झालें, आणि गोदावरीच्या दोन्ही कालव्यांस तेथून पाणी जातें. बंधाऱ्यामागें शंभर वर्षांत गाळ सांचून उथळ पाणी, बेटें व दलदल तयार झाली, आणि त्या जागीं हिवाळ्यांत दूरदूरचे पक्षी उतरूं लागले. १९८६ सालीं तें अभयारण्य झालें. २०२० च्या जानेवारींत रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून त्याची घोषणा झाली. महाराष्ट्रांत हा मान प्रथम याच जागेस मिळाला. तेथील जीवांत देवळालीजवळ सांपडलेल्या आणि १९३८ सालीं शास्त्रज्ञांनीं नांव दिलेल्या एका चिमुकल्या माशाचीही गणना आहे. तो आज नष्ट होण्याच्या मार्गावर आहे.

कोणी म्हणेल, पक्ष्यांसाठीं शेतकऱ्यानें पीक वाळवावें काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. पक्षी येतात मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत, आणि आपला उपसा सर्वांत मोठा असतो तोही त्याच महिन्यांत. ज्या दिवशीं तेथील उथळ पाणी हटतें, त्या दिवशीं नदीकाठच्या पिण्याच्या विहिरी आणि भोई-कोळ्यांची मासेमारीही अडचणींत आलेली असते. शिवाय शहरांचें सांडपाणी नदींत येतें. स्वच्छ पाणी जितकें कमी तितकी घाण दाट आणि पानवेलींचा पसारा मोठा. पक्षी गेले तर नदी बिघडली असें समजावें. दाराशीं बांधलेलें जनावर चारा टाकूं लागलें म्हणजे आपण जसे सावध होतों, तसेंच हें आहे.

कायदा व कागद

आम्ही कारकून, म्हणून कागदाविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस प्राप्त आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम २० प्रमाणें नद्या, नाले व त्यांतील वाहतें पाणी, ज्यावर इतर कोणाचा हक्क सिद्ध नाहीं, तें शासनाच्या मालकीचें आहे. काठ आपला म्हणून पाणी आपलें, असें होत नाहीं. पाटबंधारे अधिनियम, १९७६ अन्वयें अधिसूचित केलेल्या नदींतून उपसा करण्यास परवानगी लागते. पिण्याच्या सार्वजनिक पाण्याच्या उद्भवापासून ५०० मीटरांच्या आंत नवी विहीर घेण्यास १९९३ च्या कायद्यानेंच निर्बंध घातला होता.

आमच्या काठावरील चाळीस मोटारींपैकीं निम्म्यांचाही परवाना नव्हता. हें लिहितांना आम्हांस संकोच होतो, कारण आमचाही परवाना मुदत संपून पडलेला होता. परवाना नसल्याचा तोटा टंचाईच्या वर्षीं कळतो. जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशानें १५ ऑक्टोबर रोजीं जायकवाडींत उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचें कोष्टक घालून दिलें, आणि २०१८ व २०२३ सालीं तसें पाणी सोडलेंही गेलें. अशा वेळीं नदीकाठच्या मोटारींची वीज तोडली जाते आणि बंधाऱ्यांच्या फळ्या काढल्या जातात. तेव्हां ज्याचा कागद सरळ आहे त्यास निदान अर्ज करण्यास तोंड असतें. म्हणून परवान्याची मुदत पहावी. विहिरींत हिस्सा असल्यास गाव नमुना सातच्या इतर हक्कांत त्याची नोंद आहे कीं नाहीं हें पहावें. आणि पीकपाहणींत पाण्याचें साधन खरें लिहावें. २०२१ पासून ही पाहणी शेतकऱ्यास स्वतःच फोनवरून नोंदतां येऊं लागली. तेव्हां चूक तलाठ्यावर ढकलण्याची सोयही राहिली नाहीं.

गांवानें ठरविलेली पाळी

कायदा सांगतो कीं परवाना घ्या. पण कोणत्या रात्रीं कोणाची मोटार चालावी हें तो सांगत नाहीं. तें गांवानेंच ठरविलें पाहिजे. आमच्या गांवीं चार सभा होऊन पुढील नियम ठरले.

१. चाळीस मोटारींचे दहा-दहांचे चार गट. एका रात्रीं एकच गट चालेल. दहा मोटारी सेकंदास ९५ लिटर घेतात. १६० पैकीं ६५ लिटर त्या घटकेसही खालीं वाहत राहतात.

२. नदीपासून शंभर मीटरांच्या आंतील विहिरी याच पाळींत धराव्या.

३. डोहाच्या कातळावर दोन रेघा मारल्या. पाणी वरच्या रेघेखालीं गेलें कीं एका वेळीं पांचच मोटारी चालाव्या. खालच्या रेघेखालीं गेलें कीं सर्व बंद. मग जें आहे तें माणसांचें व गुरांचें.

४. पाळी मोडणाराची पुढील पाळी जप्त व्हावी. पैशाचा दंड ठेवूं नये. कारण पैसेवाला दंड भरून पाणी घेतो.

५. वहींत रोजची पाळी व पाण्याची पातळी लिहावी. वही देवळांत ठेवावी आणि कोणासही पाहूं द्यावी, खालच्या गांवच्या लोकांससुद्धां.

चौथ्या दिवशीं येणारी पाळी पिकास पुरते काय? २७४ घनमीटर चार दिवसांत वांटले तर रोजचे ६८ होतात. द्राक्षबागेस ठिबकनें दिवसास चार मिलिमीटरांच्या आसपास पाणी दिलें तर एकरास १६ ते १७ घनमीटर लागतात. म्हणजे एका मोटारीवर चार एकर बाग निभते. कांद्यास सऱ्या-वाफ्यांनीं आठ दिवसांनीं एक पाणी धरलें तर त्याच मोटारीवर दोन एकर भिजतो. ज्यानें याहून अधिक लावलें असेल त्याचें पाणी नदींत नसून शेजाऱ्याच्या वांट्यांत आहे, हें त्यानें ओळखावें.

हें सर्व सुखानें झालें असें नाहीं. पहिल्या वर्षीं आमचा अर्धा एकर कांदा बारीक राहिला. दुसऱ्याच पंधरवड्यांत एकानें रात्रीं चोरून मोटार लाविली, आणि तो आमचा सख्खा चुलतभाऊ निघाला. वही आमच्या हातीं होती. त्याची पाळी आम्हींच जप्त लिहिली. तो वर्षभर आमच्याशीं बोलला नाहीं. पण त्यानंतर पाळी मोडण्याचा प्रकार जवळजवळ थांबला. त्या वैशाखांत डोहांत गुडघाभर कां होईना पाणी राहिलें, आणि खालच्या गांवच्या बाया हंडे घेऊन आमच्याकडे पुन्हा आल्या नाहींत.

शेततळें व ठिबक यांविषयीं सावधानता

अलीकडे कागद अंथरलेल्या शेततळ्यांवर लोकांचा फार भर आहे. तीस मीटर लांब, तीस रुंद व तीन खोल अशा तळ्यांत उतार सोडून सुमारें २,२०० घनमीटर पाणी मावतें. हें तळें श्रावण-भाद्रपदांत, नदी दुथडी वाहत असतांना भरलें तर त्यासारखें साधन नाहीं. कारण तेवढें पाणी माघांत नदींतून घ्यावें लागत नाहीं. पण पुष्कळ जण तें मार्गशीर्षांत विहिरीवरून किंवा नदीवरून भरतात. मग जमिनींत सुरक्षित असलेलें पाणी आपण उन्हांत उघडें मांडतों. भरलेल्या तळ्यांतून उन्हाळ्याच्या चार महिन्यांत दिवसास सात मिलिमीटर पाणी उडालें असें धरलें तर साडेसातशें घनमीटर, म्हणजे तिसरा हिस्सा, वाऱ्यावर जातो. म्हणून तळें भरण्याचा हंगाम एकच, तो पुराचा.

ठिबकचेंही तसेंच. ठिबकनें एकरामागें पाणी वांचतें हें निर्विवाद आहे. परंतु वांचलेल्या पाण्यावर नवा एकर लावला तर नदीस कांहींच परत मिळत नाहीं. उलट, पूर्वीं वाफ्यांतून मुरून परत येणारा पाझरही बंद होतो. क्षेत्र आहे तेवढेंच ठेवून ठिबक केलें तरच तें नदीस उपयोगी.

वाघाडचा धडा

शेतकऱ्यांकडून अशी शिस्त पाळली जाणार नाहीं, असें म्हणणारांनीं आमच्याच नदीच्या वरच्या अंगास पहावें. वाघाडच्या कालव्याच्या शेवटास असलेल्या ओझरच्या शेतकऱ्यांस धरण होऊनही पाणी पोंचत नव्हतें. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये व भरत कावळे यांच्या प्रयत्नानें १९९० नंतर तेथें पहिल्या तीन पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या. त्यांनीं पाणी मापून घेतलें, पट्टी स्वतः गोळा केली, आणि कालव्याचें पाणी व विहिरीचें पाणी एकाच हिशेबांत धरलें. पुढें साऱ्या कालव्यांवर संस्था होऊन सर्व संस्थांची मिळून प्रकल्पाची एक संस्था झाली. २००५ च्या कायद्यानें अशा संस्थांस राज्यभर आधार दिला. ज्यांस पाणी मिळत नव्हतें त्यांनींच मोजमापाचा आग्रह धरला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. वर बसलेल्यास मोजमाप नकोसें असतें. परंतु या नदीवर वर बसलेलाही कोणाच्या तरी खालींच आहे.

‘गांव करी तें राव न करी’ असें आपले वडील म्हणत. नदीच्या बाबतींत गांवानें न केलें तर राव करणारच आहे, आणि तो वीज तोडून करील. त्यापेक्षां येत्या कार्तिकांत, मोटारी नदींत उतरविण्यापूर्वीं, प्रत्येक काठच्या गांवानें एक दोरी, एक काठी व एक ढलपी घेऊन आपली नदी मोजावी, आणि जो आंकडा येईल तो देवळाच्या भिंतीवर लिहावा. पाळी कशी लावावी याचा वाद त्यापुढें करावा. आमच्या गांवची वही पाहण्यास कोणीं आलें तर ती उघडीच आहे. तींत आमच्या चुलतभावाचें नांव आहे, आणि दोन ठिकाणीं आमचेंही आहे.